मावशीचा अंगठा

आमच्या भाजीवाल्या मावशीच्या टोपलीला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही, असा नियम होता. दुधी असो की वांगे, तोडताना ती प्रत्येक फळ अंगठ्याने दाबून बघायची. मी एकदा दोडका चाचपला, तर म्हणाली, "दाबू नोका बाई. म्या दाबूनच आनलं. तुमचं इंग्रजी, माहा अंगठा."

मुलांनो, इंग्रजीचा धडा उघडण्याआधी त्या अंगठ्याची गोष्ट आज तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मावशी आसेगावहून मंगरूळपीरला भाजी आणते. तिची सात वर्षांची नात गुड्डी. तिच्या पोटरीवर गाठ आली. पडली असेल म्हणून सुनेने गरम तेलाने चोळायला घेतले. आपल्याकडे सगळे तेच करतात. मावशीने आंघोळ घालताना गाठ दाबली आणि तेलाची वाटीच उचलून ठेवली. मला म्हणाली, "मुक्या माराची गाठ दुखते, मंग उतरते. हे दुखतबी नाई, अन् वाढून राह्यली."

त्याच आठवड्यात ती नातीला घेऊन नागपूरला गेली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायचे म्हणताच अख्खे घर अडून बसले. मावशी डॉक्टरांचे कागद घेऊन माझ्याकडे आली. "सुई लागली का गाठ पसरते म्हन्तात. खरं काय, ते वाचून सांगा."

मी वाचून सांगितले, स्नायूसारख्या मऊ भागात होणारा हा कॅन्सर असू शकतो. त्याचे प्रकार अनेक; तुकडा पाहिल्याशिवाय प्रकार कळत नाही, औषध ठरत नाही. जाणत्या डॉक्टरने नीट घेतलेल्या तुकड्याला भिऊ नये, न तपासता बसण्याला भ्यावे.

ती उठलीच. "म्हन्जे कीड पाह्यल्याबिगर फवारा नाई. हे त माह्या पोरालेबी समजन."

तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. आधी शिरेतून औषधे, गाठ आक्रसल्यावर ऑपरेशन, मग किरणांचा शेक, पुन्हा औषधे. वर्ष गेले. गुड्डीचे केस गळाले तेव्हा सून रडत बसली. मावशी तिला म्हणाली, "वावरातलं तन फवारून मारतानी कोथिंबीरबी जळते. रडतं कायले? पुन्हा उगवते ना थे."

आज सकाळी मावशी टोपली न घेताच आली. पुढे गुड्डी, डोक्यावर नवे कुरळे केस, पायऱ्या पळतच चढली. तपासणीचा शेवटचा फोटो साफ आला होता. तपासण्या पुढेही चालूच राहणार, पण आज साफ.

मावशीने गुड्डीचा पाय माझ्या मांडीवर ठेवला. पोटरीवर लांब व्रण. इतक्या वर्षांच्या सवयीने मी हात मागे घेतला.

"कायले भेता बाई?" मावशी हसली. "दाबा. चांगलं दाबून पाहा."