कुठेतरी पाणी मुरतंय

अंडीवाल्या काकू कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत. नवरा गेल्यापासून दोन हजार कोंबड्यांची शेड त्या एकट्या सांभाळत होत्या, आणि एकट्या माणसाला दहा ठिकाणी डोळे ठेवावे लागतात. कारखाना बंद पडल्यावर धाकटा दीर मदतीला आला. काकूंनी त्याला कामाला घेतलं, पण त्याच्यावरची नजर काही काढली नाही.

थंडी पडली आणि शेडमध्ये अंथरलेलं भाताचं तूस ओलं व्हायला लागलं. मुठीत दाबलं तर गोळा व्हायचा. सकाळी दार उघडावं तर पत्र्यावरून थेंब टपकत, भिंतींना घाम फुटलेला, आणि वासानं डोळे चुरचुरत. पाऊस तर दोन महिन्यांत नव्हता. नळाचा माणूस आला, एकेक जोड चाचपून गेला. गळती कुठेच नव्हती.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे काकूंना कळत होतं. दीर मध्यंतरी म्हणाला होता, “वहिनी, एकट्या किती दिवस ओढणार? शेड विकून लेकीकडे राहा.” ते बोलणं आता त्यांच्या डोक्यात घुमायला लागलं. शेड सडली की विकण्यावाचून गत्यंतर काय?

त्यांनी रात्रीपुरतं नळाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. दिरानं कुलूप पाहिलं आणि तो कामाला लागला. दुसऱ्या सकाळी तूस ओलंच.

एकदा तो काकूंनी थंडीसाठी जाळीवर सोडलेला बाजूचा पडदा गुंडाळताना दिसला.

“भाऊजी, कुणासाठी उघडताय?”

“आत गुदमरतंय, वहिनी. वाफ जाऊ दे.”

“गारठ्यानं मरतील त्या. मला विचारल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही.”

त्यानं पडदा खाली सोडला.

आठवडाभरात चाळीस कोंबड्या गेल्या, तेव्हा काकूंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आत पाऊल टाकताच बाईंचा चष्मा धुरकटला. तो पुसत त्यांनी विचारलं, “रोज पाणी किती लागतं?”

“चारशे-साडेचारशे लिटर.”

“आणि जातं कुठे?”

“अंड्यांत जात असेल.”

“अंड्यांत साठ-सत्तर लिटर. बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून इथेच पडतं. एकेक कोंबडी म्हणजे लहानशी शेगडी आहे. तिच्या उबेनं ओल वर चढते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. पडदे कुणी लावून ठेवले?”

हिलाही दिरानं पढवलंय की काय, असंच आधी काकूंच्या मनात आलं. म्हणून त्यांनी एकाच बाजूच्या पडद्यांना वर फट ठेवली आणि पाच दिवस वाट पाहिली. त्या बाजूची भिंत कोरडी झाली. दुसरी तशीच घामेजलेली.

मग त्या दिराकडे गेल्या. तो अंडी पुसत बसला होता.

“भाऊजी, मला वाटलं पाणी तुम्ही ओतता.”

“ठाऊक आहे. कुलूप पाहिलं तेव्हाच कळलं.” हातातलं अंडं त्यानं ट्रेमध्ये ठेवलं. “मला वाटायचं, तुम्हीच मुद्दाम पडदे बंद ठेवताय. शेड बुडाली की मला घालवायला निमित्त मिळेल.”

काकूंना राग यायला हवा होता. आला नाही. त्या समोर बसल्या, एक फडकं घेतलं आणि अंडी पुसायला लागल्या.

“दुसऱ्या बाजूला फट किती ठेवायची?” पुसता पुसता त्यांनी विचारलं.

“चार बोटं.”

दुसऱ्या दिवशी तो खाद्य आणायला गेल्यावर काकूंनी त्यानं ठेवलेल्या फटीला बोटं लावून पाहिली. चारच होती.