सहा नंबरचा माईक

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. रफिकला ठाऊक आहे — पण त्याला मी सांगितलं असं म्हणता येणार नाही, त्याच्या हातून करून घेतलं. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापुढे बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

अमरावतीत माझा ऑर्केस्ट्रा होता. सिनेमाची गाणी, दोन गायक, एक गायिका, दहा-बारा वादक. गणपती, नवरात्र, कॉलेजचं गॅदरिंग. मंडळाची पोरं सुपारी द्यायला आली की मी भाव करता करता तीनदा खुर्चीवरून उठून दारापर्यंत जायचो. चौथ्यांदा तेच मला उठू देत नसत. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता, मीही तिथे गठाणी उचलल्या आहेत. मला कोणी काही दिलेलं नाही. — बघा, सुरू झालो. भाव ठरवायच्या आधी आपली बाजू मांडायची, ही जुनी खोड. इथे कसला भाव ठरवायचा आहे?

मधुकर तायडे माझ्याकडे ट्रॉम्बोन वाजवायचा. अकोल्याचा. मामा पोलीस बँडात होता, त्याच्याकडे शिकला. मग लग्नाच्या बँडात वाजवलं, मग काही वर्षं मुंबईला रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत, मागच्या रांगेत. आई आजारी पडली म्हणून परत आला आणि इथलाच झाला. मी त्याला घेतला तेव्हा अख्ख्या वऱ्हाडात कोणत्याच ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन नव्हता. पोस्टरवर त्याचा फोटो गायकांच्या बरोबरीने छापत होतो मी.

तुम्ही ट्रॉम्बोन पाहिला असेल. त्याला बटणं नसतात, पडदे नसतात. एक लांब नळी पुढेमागे सरकवायची, आणि कुठे थांबायचं ते हाताला माहीत पाहिजे. केसभर चुकलं की सूर गेला. मधुकरचा हात चुकल्याचं मला आठवत नाही. आणि तो जोरात वाजवत नसे. लग्नाच्या बँडातून आलेला माणूस, पण बायकांनी माजघरात बोलावं तसा वाजवायचा. गाणंभर गप्प बसायचा, पायाच्या अंगठ्याने ताल मोजत, मांडीवर फडकं — आणि कडव्याच्या शेवटी चार सूर. फक्त चार. शेवटचा सूर तो कधी तोडायचा नाही. नळी हळूच पुढे सोडायचा आणि सूर खाली उतरत उतरत विरून जायचा, जिनिंगमध्ये वीज गेल्यावर मोठा पट्टा फिरत फिरत थांबतो तसा. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. म्हणूनच मधुकरचं ते उतरणं मला आवडायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? वादकाला चांगलं म्हटलं की तो सुपारी वाढवून मागतो, असं माझं शास्त्र होतं.

तेव्हा मीही गात होतो. हे आता कोणाला आठवत नाही. कार्यक्रमातली चार-पाच गाणी माझीच असायची. एके दिवशी तालमीत, सगळ्यांदेखत, हातात चहाचा कप असताना मधुकर म्हणाला, "भाऊ, तुमचा वरचा सूर उतरून राहिला."

बस, एवढंच. खोचून नाही, हसून नाही. चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं. मी भडकलो. "तुले तोंड फुंकाले ठेवलं का शिकवाले?" असं म्हणालो. तो म्हणाला, "माफ करा भाऊ, कानाले दिसलं ते सांगितलं." सगळे हसले. पण त्यानंतर मी वरच्या सुराला गेलो की मलाच तो उतरलेला ऐकू यायला लागला. वर्षाच्या आत मी गाणं सोडलं. लोकांना सांगितलं, धंद्यामुळे वेळ मिळत नाही.

खरं बोलला होता तो. खोटं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं का? बहुतेक लगेच.

मग कीबोर्ड आले. एका बोटाखाली सनई, दुसऱ्याखाली व्हायोलिन, आणि ट्रॉम्बोनसुद्धा. आमच्या कीबोर्डवाल्याला मी मधुकरचे तुकडे बसवायला लावले. मधुकरला म्हणालो, "तुझ्या सोबतीनं वाजवीन तो, भरल्यासारखं वाटते." तो मानेनेच बरं म्हणाला. आणि मी रफिककडे गेलो. रफिक आमचा साउंडवाला. त्याच्या मिक्सरवर प्रत्येक माईकची एक सरकपट्टी, खाली कागदी टेपवर नाव. सहाव्या पट्टीखाली लिहिलेलं होतं — ट्रॉम्बोन.

"सहा नंबर खाली ठेवत जा," मी म्हणालो.

"किती खाली?"

"पूर्ण."

रफिकने माझ्याकडे पाहिलं. "काहून भाऊ?"

"मी सांगून राहिलो म्हणून."

मोकळ्या मैदानात लोकांना ऐकू येतं ते फक्त मोठ्या स्पीकरमधून. माईक बंद म्हणजे माणूस बंद. स्टेजवर मधुकरला स्वतःचा आवाज ऐकू यायचा, शेजारच्या ढोलकीवाल्याला यायचा — पुढच्या रांगेपलीकडे काही नाही. तरी मी त्याला काढलं नाही. पोस्टरवर फोटो तसाच ठेवला. मग हे केलं कशासाठी? तो स्टेजवर बसून फुंकत असायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि त्या टाळ्या त्याच्या नाहीत हे त्याला माहीत नसायचं, मला असायचं. त्यात मला बरं वाटत होतं. हे बोलायला मला इतकी वर्षं लागली.

तेल्हाऱ्याला कार्यक्रम होता. मधुकर दुपारीच माझ्याजवळ आला, नवा शर्ट घालून. त्याची मुलगी संघमित्रा तिथे शिक्षिका म्हणून लागली होती. तिने बापाला ऑर्केस्ट्रात कधी ऐकलंच नव्हतं.

"भाऊ, आज पोरगी येऊन राहिली. शाळेतल्या बाया घेऊन येते म्हणे. दुसऱ्या गाण्यात माझा तुकडा आहे, तो तिले मागं ऐकू येईन ना?"

"येईन ना. काहून नाही येणार?"

"नाही, बाया मागं बसतात म्हणून म्हटलं."

मला पंचवीस पावलं चालायची होती. रफिकजवळ जाऊन म्हणायचं होतं, आज पट्टी वर कर. त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षाशी माझी चांगलीच जुंपली होती, डोकं तापलेलं होतं — पण ते कारण नाही. मी चाललो. रफिकजवळ गेलो. त्याने विचारलंही, "आज करू का वर?" मधुकरची मुलगी येणार हे त्याच्याही कानावर आलं होतं. आणि मी म्हणालो, "राहू दे."

दुसरं गाणं झालं. मधुकरने कधी वाजवलं नसेल असं वाजवलं. मी स्टेजच्या पायरीवर उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. शेवटचा सूर त्याने इतका हळू सोडला की तो संपला कधी, ते कळलं नाही. मैदानात मात्र कीबोर्डचा सूर खांबासारखा उभा होता. मग बोट उचललं आणि तो कापल्यासारखा थांबला. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर संघमित्रा स्टेजमागे आली. डोळे भरलेले. "बाबा, काय वाजवलं तुमी! तो शेवटचा सूर — किती सरळ उभा होता, जरासाही हलला नाही!"

मधुकर ट्रॉम्बोन पुसत होता. पुसता पुसता हात थांबला. ज्या माणसाला माझा उतरलेला सूर चहा पिता पिता कळला, त्याला हे कळायला किती वेळ लागणार? त्याने मिक्सरकडे पाहिलं. रफिक वायरी गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही. मग मधुकरने माझ्याकडे पाहिलं. आणि मुलीला म्हणाला,

"आवडला ना तुले? मंग झालं."

त्यानंतरही तो तीन वर्षं माझ्याकडे वाजवत राहिला. नळीला तेल लावायचा, वेळेआधी यायचा, ताल मोजायचा, चार सूर फुंकायचा. सगळं ठाऊक असून. का, ते मला कळलेलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती. एकदाच, चांदूर रेल्वे या गावी कार्यक्रमाला जाताना गाडीत, खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "रफिकभाऊ, त्या सहा नंबरच्या पट्टीवर धूळ बसली असंल. पुसत जा कधी." गाडीतले हसले, त्यांना वाटलं काहीतरी जुनी गंमत. मी ओरडलो, "तू आपला भोंगा सांभाळ!"

मागच्या वर्षी मधुकर गेला. वर्ष भरत आलं तेव्हा संघमित्राचा फोन आला. "जयभीम काका. बाबांचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. त्यांच्या वाजवण्याचं आमच्याजवळ काहीच नाही. तुमच्याजवळ तेल्हाऱ्याचं असंल ना?"

होतं. कीबोर्ड आले तेव्हापासून सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग मी मिक्सरवरूनच घेत असे, नव्या मंडळांना ऐकवायला. म्हणजे जे स्पीकरमधून गेलं तेच त्यात. आठ दिवस मी एकेक लावून बसलो. पोस्टरवर फोटो असलेला माणूस एकाही रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. फक्त चांदूर रेल्वेच्या एका गाण्यात गायिकेचा माईक उघडा राहून गेलेला — तिथे, गाणं संपल्यावर, अगदी लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक सूर खाली उतरतो. दोन श्वास टिकतो. तो मधुकर आहे.

ते मी तिला दिलं नाही. दिलं असतं तर तिने विचारलं असतं, काका, बाबांचा आवाज इतका लांबून का येतो?

मी तेल्हाऱ्याचं पाठवलं.

अकोल्याला कार्यक्रमाला गेलो. वंदना झाली, चार माणसं बोलली. मग संघमित्राने ते गाणं लावलं. लोक डोळे मिटून ऐकत होते. शेवटचा सूर आला, सरळ उभा राहिला, जरासाही हलला नाही. मागे बसलेला रफिक उठून बाहेर गेला. संघमित्रा बापाच्या फोटोकडे बघत होती.

नंतर तिने स्वतः मला खीर आणून दिली. म्हणाली, "काका, तुमच्यामुळं आज बाबा ऐकाले भेटले."

मी खीर खाल्ली. तिने आणखी वाढली, तीही खाल्ली. चांदूर रेल्वेचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये घालून खिशात नेलं होतं. ते तसंच घेऊन अमरावतीला परत आलो.