फुग्याचं हसू

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या ऑफिसात मुलांसाठी एक ॲप बनतंय. शुक्र ग्रहावरची हवा कशी आहे, ते त्यात एक गोलमटोल प्राणी दाखवतो. मी त्याचं नाव फुग्या ठेवलंय. हवा जितकी वाईट, तितका तो मलूल. आता शुक्रावर विषारीच हवा, त्यामुळे बिचारा कायम आडवा पडलेला.

सकाळी आमचे सर म्हणाले, "बच्चे उदास हो जाएँगे. हवा कैसी भी हो, इसे हँसता हुआ रखो."

नोकरी आहे. मी फुग्याला हसरं तोंड काढून दिलं.

मग दुपारी इथल्याच साकेत नगरमधल्या हॉस्पिटलात गेले. बाबा तिथे आठवडाभरापासून ऑक्सिजनवर आहेत. तेवढ्यात नागपूरहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी घाईघाईने नाकातली नळी काढून उशीखाली सरकवली, केसांवरून हात फिरवला आणि छान हसले.

"मी मजेत आहे गं. तू उगीच रजा टाकू नकोस."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना. ओठ निळसर पडले होते. नळी पुन्हा लावताना मी रागावले, तर हातानेच म्हणाले, जाऊ दे.

तिथेच लॅपटॉप उघडून मी फुग्याला परत आडवं पाडलं. उद्या सर ओरडतील, ओरडू देत.

ताईला मात्र अजून फोन केलेला नाही. ती ते हसू बघून निश्चिंत आहे. तुम्ही सांगितलं असतं तिला?