गव्हाच्या बियरमध्ये बर्फ

ग्लासात पडलेला बर्फाचा खडा किणकिणला आणि हळूहळू विरघळू लागला. भोवतीचा दाट, गढूळ सोनेरी रंग डोळ्यांदेखत पाणचट होत गेला आणि माझा जीव वर-खाली होत राहिला.

माझे साडू अविनाशराव दर उन्हाळ्यात नागपूरहून पुण्याला येतात. भर दुपारी आम्ही या छोट्या ब्रुअरीत येतो, कारण इथली बियर इथेच बनते. "तुम्हीच सांगा, खास काय?" ते विचारतात आणि मी दरवर्षी फसतो. गव्हाची घ्या, लवंगेचा वास येतो. कोकमाची घ्या, तोंडाला पाणी सुटतं. कॉफीसारखी काळी तर घ्याच. छोट्या ग्लासांतून सगळ्यांची चव घ्यायला लावतो. ते प्रत्येक घोटाला "छान, छान" म्हणतात, एक निवडतात आणि वेटरला सांगतात, "यात भरपूर बर्फ टाका."

शिफारस म्हणजे तरी काय? आपल्या जिभेवरचं सुख दुसऱ्याच्याही जिभेवर उमटलंच पाहिजे, हा हट्ट. गाणं ऐकवतानाही मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसतो. बिचाऱ्याला धड ऐकूही देत नाही.

"तुम्ही एकदा घेऊन तर बघा," म्हणत अविनाशरावांनी आपला ग्लास पुढे सरकवला. मी चिडूनच घोट घेतला. लवंग नाही, काही नाही. नुसता गारवा, उन्हाने सुकलेल्या घशातून सरळ खाली उतरणारा.

समोर ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते.

"छान," मी म्हणालो. संताप याचा आला, की ते खोटं नव्हतं.