शेपूट आणि झेंडूचा हार

"शेपूट लहान पडलंय," सर फिटरकाकांच्या कानाशी म्हणाले. मी मागे दोनच पावलांवर होते.

कोलशेतला आमच्या वर्कशॉपच्या गच्चीत, खांबावर आमची छोटी पवनचक्की आहे. पुढे तीन पाती, मागे पत्र्याचं शेपूट. वारा शेपटाला ढकलतो, चक्की वळते, पाती वाऱ्यासमोर येतात. ते शेपूट माझं. नोकरीतलं पहिलं ड्रॉइंग.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी यंत्रांची पूजा झालेली आणि दुपारी डोंबिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी चक्की बघायला आलेले. वारा असा, की त्यांचे चापून बसवलेले केस उभे राहिले. चक्की मात्र रुसल्यासारखी दुसरीकडे तोंड करून ढिम्म. सर म्हणाले, सुट्टीनंतर जुन्या डिझाइनचं मोठं शेपूट लावून टाकू. मी मान वर करून माझ्या शेपटाकडे बघितलं.

मग मला हार दिसला. काकांनी लेथला, ड्रिलला, अगदी हातोडीलाही झेंडू वाहिले होते. चक्की तरी का राहावी? खांबाच्या वरच्या टोकाला जाडजूड हार होता, आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून काकांनी तो सुतळीने शेपटाला बांधला होता. नवऱ्या मुलासारखी नटलेली चक्की, आणि तिला मान वळवायची सोय नाही. मला हसू आवरेना. ओढणी तोंडावर धरली.

सांगायला हवं होतं. पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. शिवाय काकांना पूजेत चूक झाली म्हणून कसं सांगणार?

सुतळीचं टोक खाली लोंबत होतं. मी जाऊन ते धरलं.

"अगं ए, पूजेचा हार हाय तो," काका ओरडले.

मी ओढलं. गाठ सुटली. हार खांबावरच राहिला आणि चक्की गर्रकन वळली. पाती आधी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. झेंडूच्या पाकळ्या सेक्रेटरींच्या डोक्यावर पडल्या. ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले, काकांनी चक्कीला हात जोडले, आणि सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, केलंस काय तू?

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं हसू थांबत नव्हतं. वाक्य जुळवायला वेळच मिळाला नाही.

"सर, शेपूट लहान नाहीये."