काकांचा ऑस्ट्रियन

लंडनच्या अख्ख्या पिनर उपनगरात माझ्या चुलतसासऱ्यांइतका लोखंडावर जीव असलेला माणूस नाही, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका ऑस्ट्रियन कारखानदाराला 'आमचा' म्हणणारा तर अख्ख्या विलायतेत दुसरा सापडायचा नाही. काका तरुणपणी कोल्हापूरहून धातुशास्त्र शिकायला आले आणि स्लाऊच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, रिटायर झाले. कोणाकडेही गेले की आधी स्वयंपाकघरात शिरून तवा बोटाने वाजवतात. नॉनस्टिक निघाला, तर यजमानांच्या संस्कारांविषयी त्यांचं मत कायमचं बिघडतं. आमच्या लग्नात सगळ्यांनी पाकिटं दिली. काकांनी बिडाचा तवा दिला आणि त्यासोबत ऑस्ट्रियनचं संपूर्ण चरित्र, तोंडी. मागे पाहुण्यांची रांग खोळंबली होती.

ते चरित्र आता आम्हाला पाठ आहे. हा गृहस्थ इंग्लंडात आला, पाहुणा म्हणून कारखाने हिंडला, भट्ट्या डोळ्यांत साठवल्या आणि परत जाऊन आपल्या डोंगराळ गावात तसाच कारखाना उभा केला. गावकरी हसले, पहिली भट्टी तडकली, बायकोचे दागिने गेले, पण गडी हटला नाही. "शिकायचं इथे, ओतायचं घरी," हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. कारण त्यांनाही कोल्हापूरला जाऊन फाउंड्री काढायची होती. दरवर्षी, पुढच्या वर्षी.

यंदा काकूंनी आणि साउथहॅम्प्टनला डॉक्टर असलेल्या त्यांच्या मुलीने पिनरचं घर विकून तिकडे राहायचं ठरवलं. काका अडून बसले. "मी हललो तर थेट कोल्हापूरला."

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाने त्यांना एकदाचं भाषणाला उभं केलं. मागे मसालेभात गरम होत होता, पुढे काका ऑस्ट्रियनला घरी पोचवत होते. शेवटी पुण्याहून नुकतीच नोकरीला आलेली एक मुलगी म्हणाली, "काका, सॉरी, पण तो परत गेलाच नसता तर? आय मीन, इथेच सेटल झाला असता तर?"

 काका पहिल्या रांगेतल्या काकूंकडे बघत म्हणाले, "तर त्याच्या बायकोने 'पुढच्या वर्षी' ऐकत जन्म काढला असता."

काकू उठल्या. "चला आता, लोक जेवायचे थांबलेत."

परतताना गाडीत काकांनी मला विचारलं, "जावईबापू, साउथहॅम्प्टनच्या त्या फ्लॅटला लिफ्ट आहे ना? हिला जिना चढवत नाही." मी आहे म्हणालो. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर काकांनी ऑस्ट्रियनचं नाव काढलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही त्याला कंटाळलो होतो. आता जेवणं लवकर आटपतात, आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.