मंत्र्याला चोळणारी

"लेकरं मोठी झाली की चोळणारीला विसरत्यात अक्का, कुत्रं तेवढं ध्यानात ठेवतंय," सरुबाई एकदा बोलून गेली होती.

तेव्हा ती नलिनीबाईंच्या अंगणात पाय पसरून बसली होती आणि पुढ्यात मंत्री आडवा पडला होता. मंत्री हा नलिनीबाईंचा लॅब्राडोर कुत्रा. त्यांचे यजमान नरहरराव यांचा सारा जन्म चिटगुप्प्याच्या कचेरीत साहेबांपुढे उभं राहण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्रा आणला आणि नाव ठेवलं मंत्री. "घरात तरी मंत्र्याला 'बस' म्हणता येईल," म्हणाले. मंत्री सांगितलं की बसायचा. आता म्हातारपणी बसला की उठत नव्हता.

खुब्याचे सांधे झिजले होते. मागच्या पायांना हात लागला की तो गुरगुरायचा, अगदी नलिनीबाईंवरसुद्धा. दुखणं त्याच्या अंगात घरमालकासारखं राहत होतं; कधी उठायचं, कुठल्या कुशीवर पडायचं, सगळं तेच ठरवायचं.

हैदराबादहून मुलाचा, श्रीनाथचा फोन आला. "आई, त्याचे हाल बघवत नाहीत. येळवशीला येतोय मी. तोवर काही फरक पडला तर ठीक, नाहीतर डॉक्टरांना सांगून शांत झोपवू त्याला."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सारं गाव शेतात जेवायला जातं. नलिनीबाई दरवर्षी त्या दिवसाची वाट बघायच्या. यंदा तो दिवस येऊच नये असं त्यांना वाटू लागलं.

जनावरांच्या डॉक्टर विनीता यांनी गोळ्या दिल्या, वजन उतरावं म्हणून खाणं कमी करायला सांगितलं आणि रोज हलकी मालिश करा म्हणाल्या. मालिश म्हटल्यावर नलिनीबाईंना एकच नाव सुचलं.

चिटगुप्प्यातली निम्मी लेकरं सरुबाईच्या पायांवर न्हाली होती, श्रीनाथसुद्धा. पण नव्या सुना मोबाइलवर बघून स्वतःच तेल लावायला लागल्या होत्या आणि सरुबाईचे हात झोपल्या मांजरांसारखे मांडीवर पडून असत. कुत्र्याचं ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. "अक्का, आता शेपटीवाली लेकरं चोळायची व्हय?"

पण दुसऱ्या सकाळी हजर झाली ती सगळा सरंजाम घेऊन: लसूण-ओवा घालून कढवलेलं तेल, धुरीसाठी शेगडी. बाळाचं करते तसंच सगळं. मंत्र्यानं तेल अंगात मुरू दिलंच नाही. ती चोळेल तिथलं चाटूनपुसून साफ. धुरी दाखवल्यावर मात्र तो शिंकत शिंकत स्वतःला ओढत दिवाणाखाली शिरला.

"बघा, मंत्री चालला की!" सरुबाई म्हणाली.

संध्याकाळी मंत्री ओकला. डॉक्टर धावत आल्या. "मावशी, लसूण कुत्र्याला बाधतो. तेलच नको. कोरड्या हातानं, केसांवरून चोळायचं. सांधा दाबायचा नाही, भोवतालचं मांस तेवढं. आणि धुरी बिलकूल नको."

"कोरडं? मी काय भांडी घासायलेय?" सरुबाईनं शेगडी उचलली आणि तरातरा गेली.

मग ती फिरकलीच नाही. शेवटी नलिनीबाईच तिच्या दारात गेल्या. "सरुबाई, रागावलीस व्हय? तुला आधी सांगायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

"तुमचं कामून चुकंल?" सरुबाई खाली बघत म्हणाली. "माझ्या हातानं मुकं जनावर ओकलं. एवढी लेकरं चोळली, एक ओकलं न्हाई. राग न्हाई अक्का, लाज वाटायलीय." मग मान वर करून, "त्या डॉक्टरणीला म्हणावं, मला शिकव."

डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवून शिकवलं. सरुबाई आधी तळवे एकमेकांवर घासून ऊन करायची, मग मानेपासून हळूहळू मागं सरकायची. मंत्र्याचे कान मागे गेले की थांबायची. दुपारी ऊन तापलं की मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावरच्या नलिनीबाईंच्या शेतात हौदाच्या पाण्यात त्याला चालवायचं, हाही डॉक्टरांचाच उपाय. पाणी अंग तोलून धरतं, सांध्यावर भार येत नाही. पोटाखालून नलिनीबाईंचं जुनं लुगडं घालायचं, एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं. दोघी म्हाताऱ्या काठाकाठानं, मधे मंत्री, तोंडावर भलता गंभीर भाव.

"मंत्र्याची मिरवणूक निघाली!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडायचं.

"या की मत द्यायला!" सरुबाई उलट ओरडायची.

तरी वजन उतरेना. एक दिवस सरुबाईनं मंत्र्याच्या तोंडाचा वास घेतला आणि ती थेट नरहररावांपुढे उभी राहिली. "अण्णा, मंत्र्याला लाच कोण द्यायलंय? तुपाची पोळी हाय ही."

नरहररावांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. "अगं, तो बघतो माझ्याकडं."

"बघू द्या. तुमी बघू नका त्याच्याकडं."

तेव्हापासून नरहरराव जेवायला भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

येळवशीला श्रीनाथ आला. शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबील ओतली गेली, शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे पानांत पडले. सरुबाईलाही बोलावणं होतं. मंत्री पोत्यावर पडून होता. भज्जीच्या वासानं त्यानं नाक वर केलं, पुढचे पाय रोवले, मागचे थरथरले, आणि तो उठला. डुलत डुलत श्रीनाथच्या पानापाशी आला.

श्रीनाथ बघत राहिला. "अजून लंगडतोच की, आई."

"लंगडू दे," नलिनीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "तुझे बाबा लंगडत न्हाईत?"

"तसं नाही गं. त्याला दुखत असेल तर? मला तेवढंच विचारायचंय."

प्रश्न खोटा नव्हता.

"त्यालाच विचारा की," सरुबाई म्हणाली. "हात धुवा, बसा हितं. लावा खुब्याला हात."

"चावेल तो. गेल्या खेपेला..."

"डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू हायत. लावा. अंहं, हाडावर न्हाई. जरा खाली. हळू, पीठ मळायलाव का?"

श्रीनाथनं हात ठेवला. मंत्र्यानं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं, हुंगलं, आणि गुरगुर न करता श्रीनाथच्या पायाशी अंग सोडून दिलं. श्रीनाथचा हात फिरू लागला, आधी घाबरत, मग सावकाश. मंत्र्याचे डोळे मिटत आले.

"बाबा, कोण चोळतं रोज?" त्यानं शेजारच्या नरहररावांना हळूच विचारलं. "मी असेपर्यंत सकाळचं मी करीन. मला नीट शिकवा कुणीतरी." झोपवण्याची गोष्ट त्यानं काढली नाही, नंतरही काढली नाही.

नलिनीबाई डोळे पुसत सरुबाईकडे वळल्या. सरुबाई श्रीनाथच्या हाताकडे टक लावून बघत होती. हात चुकत नव्हता. पण तिच्याच पायांवर न्हालेल्या या लेकरानं 'कोण चोळतं' हे तिला सोडून बापाला विचारलं होतं. तिनं पदर झटकला, चपला बोटांत अडकवल्या आणि ज्वारीच्या कडेनं, बांधावरून चालू लागली.